बंदूक, परवाना आणि राज्याची वेस

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, केंद्रसूचीच्या पाचव्या क्रमांकावर शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके यांची नोंद आहे. याच अनुसूचीतील राज्यसूचीच्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर अनुक्रमे सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय आहेत. म्हणजे बंदुकीचा कायदा दिल्लीचा, बंदूक तपासणारा पोलीस राज्याचा, आणि ज्या कागदाच्या बळावर ती बंदूक बाळगायची तो परवाना बहुतेक वेळा जिल्ह्याचा. या तीन गोष्टी एकाच गावात, एकाच माणसाच्या बाबतीत जुळून असतात तोवर काही बिघडत नाही. माणूस बंदूक घेऊन राज्याची वेस ओलांडतो त्या दिवशी मात्र त्या सुट्या होतात, आणि आपण कायद्याच्या आत आहोत की बाहेर याचे उत्तर त्याच्या खिशातल्या परवान्याच्या एका रकान्यावर येऊन ठरते. तो रकाना बहुतेकांनी कधी नीट वाचलेलाच नसतो.

हा विषय मराठी वाचकांपुढे मांडण्याचे कारण सांगतो. नोकरीची बरीचशी वर्षे मी महाराष्ट्राबाहेर काढली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, दिल्ली, बंगळूर येथील मराठी कुटुंबांशी संबंध आला. कायद्याचा धसका घेणारा हा समाज आहे. वीजबिल वेळेवर, घरपट्टी वेळेवर. पण शस्त्र परवान्यासंबंधी त्यांच्यात जेवढे गैरसमज आढळले तेवढे प्राप्तिकराविषयीही आढळले नाहीत. विदर्भात किंवा पश्चिम महाराष्ट्रात शेती असलेल्या घरात आजोबांची दुनळी बंदूक असते, वडिलांच्या निधनानंतर परवाना मुलाच्या नावावर होतो, आणि मुलगा बंगळूरला नोकरी करीत असतो. सातारा-कोल्हापूरकडचे निवृत्त सैनिक गुजरातेत नाही तर मध्य प्रदेशात सुरक्षारक्षक म्हणून रुजू होतात. बँकेच्या किंवा पेढीच्या दारात उभे राहताना स्वतःची बारा बोअर बरोबर असेल तर पगार थोडा अधिक मिळतो. तिसरा वर्ग नेमबाजांचा. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामागून कोल्हापूरच्याच मातीतला स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आला, आणि पुण्या-कोल्हापुरातली कितीतरी मुले रायफलीची पेटी घेऊन दिल्लीच्या तुघलकाबादमधील कर्णीसिंह रेंजपर्यंत प्रवास करू लागली. नेमबाज सावध असतात, त्यांच्या संघटना त्यांना शिकवतात. धोका पहिल्या दोन वर्गांना अधिक.

आता त्या रकान्याकडे येऊ. शस्त्र परवान्यावर शस्त्राचा प्रकार, क्रमांक, काडतुसांची संख्या आणि मुदत यांच्याबरोबर परवाना कोणत्या क्षेत्रात वैध आहे हेही लिहिलेले असते. जिल्ह्यापुरता, राज्यापुरता, काही ठरावीक राज्यांपुरता किंवा संपूर्ण भारतभर. मुंबई, पुणे, नागपूर अशा पोलीस आयुक्तालयांत परवाना आयुक्त देतात, इतरत्र जिल्हादंडाधिकारी. हे क्षेत्र वाढवून घ्यायचे तर कारण दाखवून अर्ज करावा लागतो आणि ते कारण पटावे लागते. केंद्रीय गृहमंत्रालयाने मार्च २०१० मध्ये जे धोरण काढले त्यात भारतभर वैधता ठरावीक वर्गांपुरती मर्यादित केली. मंत्री आणि खासदार, सैन्य व निमलष्करी दलांतील व्यक्ती, अखिल भारतीय सेवेतील किंवा देशात कोठेही बदली होऊ शकणारे अधिकारी, आणि खेळाडू यांचा त्यात समावेश होता. शेतकऱ्याचा बंगळूरनिवासी मुलगा यांपैकी कोणीच नव्हे. निवृत्त हवालदाराचा देशभर सेवेचा आधारही निवृत्तीबरोबर संपतो.

‘परवाना भारत सरकारच्या कायद्याखाली आहे, मग तो भारतभर चालायलाच हवा,’ असा युक्तिवाद मी सुशिक्षित माणसांकडून, एकदा तर एका निवृत्त प्राध्यापकांकडून ऐकला. वाहन चालवण्याचा परवाना भारतभर चालतो त्यामुळे ही समजूत होत असावी. पण मोटारीचा परवाना माणसाला गाडी हाकता येते एवढेच सांगतो. शस्त्राचा परवाना देताना अधिकारी या माणसाला, या ठिकाणी, या कारणासाठी बंदुकीची गरज आहे असे ठरवीत असतो. रानडुकरांपासून पीक राखण्याची गरज यवतमाळच्या शेतात असते, बंगळूरच्या सातव्या मजल्यावर नसते. शस्त्राला माणसाबरोबर जागेशीही बांधून ठेवण्याची ही रीत इंग्रजांची. १८७८ चा शस्त्र कायदा सत्तावनचा धसका घेतलेल्या सरकारने केला होता, आणि त्यातला भेदभाव आपल्या राष्ट्रीय चळवळीला दीर्घकाळ सलत राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, भेदभाव गेला. जागेचे बंधन मात्र राहिले. हेतू परकीय असला तरी हे बंधन टिकले ते बरे झाले, असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

बंधन मोडले तर काय होते, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. कायद्याचे कलम ३ सांगते की परवान्याशिवाय कोणीही अग्निशस्त्र बाळगू किंवा वाहून नेऊ नये. त्याचा भंग केल्यास कलम २५(१-ब) लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी त्याची शिक्षा एक ते तीन वर्षे होती; डिसेंबर २०१९ पासून ती किमान दोन आणि कमाल पाच वर्षे झाली आहे, शिवाय दंड. पुरेशी कारणे नोंदवून न्यायालय किमान शिक्षेखाली येऊ शकते, पण गुन्हा अजामीनपात्र आहे. दुसरीकडे कलम ३० आहे. परवान्याच्या एखाद्या अटीचा भंग करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा जामीनपात्र आहे. आता महाराष्ट्रापुरता परवाना असलेला माणूस बंदुकीसह मध्य प्रदेशात सापडला, तर तो ‘परवाना नसलेला’ समजायचा की ‘परवान्याची अट मोडलेला’? पहिले मानले तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग, दुसरे मानले तर प्रसंगी दंडावर सुटका. रस्त्यावरचा फौजदार रात्री दोन वाजता प्राथमिक माहिती अहवाल लिहिताना या दोहोंतून एक निवडतो, आणि माझ्या अनुभवात तो जवळजवळ नेहमी पहिलेच निवडतो. त्याला दोष देता येत नाही. हलके कलम लावले तर उद्या वरिष्ठ जाब विचारतील, जड कलम लावले तर कोणी विचारणार नाही.

मध्य भारतातील एका सीमावर्ती जिल्ह्यात मी जिल्हादंडाधिकारी असताना, २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी, असेच एक प्रकरण माझ्यापुढे आले. सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त हवालदार शेजारच्या राज्यात एका व्यापाऱ्याकडे रखवालदार होता. व्यापाऱ्याच्या घरचे लग्न माझ्या जिल्ह्यात. दागिने बरोबर असल्याने मालक म्हणाला, ‘काका, तुम्ही बंदूक घेऊन पुढच्या गाडीत बसा.’ काका बसले. निवडणुकीचे दिवस, सीमेवर नाकाबंदी. परवाना खरा, मुदतीतला, शस्त्राचा क्रमांक जुळणारा, काडतुसे मोजून दहा आणि परवान्यात पंचवीसची मुभा. क्षेत्राच्या रकान्यात मात्र ‘महाराष्ट्र राज्य’. माणसाने काही लपवले नव्हते, उलट पोलिसांनी मागण्याआधीच परवाना पुढे केला होता. कलम २५ खाली गुन्हा नोंदला गेला. जामीन मिळेपर्यंत नऊ दिवस तो तुरुंगात होता. वीस-बावीस वर्षे सरकारची रायफल खांद्यावर वागवलेला माणूस परवान्याच्या बंदुकीपायी कोठडीत बसला, आणि लग्नाची मंडळी दुसऱ्या दिवशी परत गेली.

त्याची फाइल माझ्याकडे येण्याचे कारण कायद्याचे कलम ३९. कलम ३ च्या कोणत्याही गुन्ह्याबद्दल जिल्हादंडाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय खटला चालवता येत नाही, असे ते कलम सांगते. वकील सोडले तर सामान्य लोकांना हे ठाऊक नसते, आणि खेदाने सांगावे लागते की कित्येक जिल्हादंडाधिकाऱ्यांनाही ते केवळ सहीचे काम वाटते. पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडून छापील मजकुराचा प्रस्ताव येतो, शस्त्र लिपिक (उत्तरेत त्याला ‘असलहा बाबू’ म्हणतात आणि त्याचा रुबाब काही वेगळाच असतो) टिपणी जोडतो, आणि संध्याकाळच्या चाळीस फायलींत ही एक सही होऊन जाते. संसदेने हा टप्पा मुद्दाम ठेवला आहे. ज्या अधिकाऱ्याला परवाने देण्याचा अनुभव आहे त्यानेच, हा माणूस खटला भरण्याजोगा आहे का, हे एकदा पाहावे अशी अपेक्षा आहे.

मी परवाना देणाऱ्या जिल्ह्याकडून अहवाल मागवला. परवाना खरा, माणसाविरुद्ध एकही नोंद नाही. आमच्या सरकारी अभियोक्त्यांचे मत तरीही मंजुरी द्यावी असेच होते, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. ते म्हणाले, ‘साहेब, पुणे-लोणावळा पास घेऊन कोणी सोलापूरला गेला तर पुण्यापुढे तो विनातिकीटच असतो. पास खरा आहे याला तिथे किंमत नाही.’ दृष्टान्त चांगला होता. पण मला तो पटला नाही. क्षेत्र ही परवान्याची अट आहे, आणि अटभंगासाठी विधिमंडळाने कलम ३० वेगळे लिहिले आहे. प्रत्येक अटभंगाला परवान्याचा अभाव म्हणू लागलो तर कलम ३० कशासाठी उरते? दुसरे असे की, कलम २५ चा रोख चोरट्या शस्त्रांवर आहे, ज्यांची कोठे नोंद नाही, ज्यांचा मालक ठाऊक नाही. या बंदुकीची नोंद सरकारदरबारी वर्षानुवर्षे होती आणि मालकाची पडताळणी पोलिसांनीच केली होती. मी कलम ३ खालील मंजुरी कारणे लिहून नाकारली, आणि कलम ३० खाली कारवाई करायची तर त्यास माझ्या मंजुरीची गरज नाही असे कळवले. पुढे दंड होऊन प्रकरण मिटले. बंदूक मालखान्यातून परत मिळायला मात्र त्यानंतर बरेच महिने गेले, आणि ती मिळाली तेव्हा नळ्यांना गंज चढला होता. नोकरी तर पहिल्याच आठवड्यात गेली होती.

मंजुरी मिळाली असती तर काय झाले असते याचा विचार करावा. खटला जेथे गुन्हा घडला तेथे चालतो. साताऱ्याहून त्या जिल्ह्याला यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. दर तारखेला दोन दिवस जाणे-येणे, वकिलाची फी, साक्षीदार फौजदाराची बदली झालेली, पुढची तारीख. निर्दोष सुटला असता तरी चार-पाच वर्षे गेली असती. त्या काळात दुसरीकडे रखवालदाराची नोकरी नाही, कारण चारित्र्य पडताळणीत प्रलंबित गुन्हा दिसतो. असे खटले कज्जेदलालीला खतपाणी घालतात आणि खऱ्या गुन्हेगाराला मात्र त्यांची सवयच झालेली असते.

याच फायलीत एक उपप्रश्न होता, तोही पुष्कळांच्या उपयोगाचा आहे. बंदूक मालकाची असती आणि हवालदार नुसता वाहून नेत असता तर? कलम ३ च्या परंतुकानुसार परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो, पण तीन कारणांसाठीच: दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण, किंवा स्वतः धारकाच्या वापरासाठी. मालक विमानाने पुढे गेला आणि ड्रायव्हर डिकीत बंदूक ठेवून मागून आला, चिठ्ठी नाही, तर तो ड्रायव्हर सरळ कलम २५ मध्ये जातो. घरोघरी हे घडते. डिकीतल्या बंदुकीचा मालक प्रतिष्ठित असतो, पकडला जाणारा ड्रायव्हर असतो. आणि चिठ्ठी असली तरी ती परवान्याचे क्षेत्र वाढवू शकत नाही. कोडगूच्या कोडव लोकांना परवान्यापासून सूट आहे, ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. बंगळूरच्या मराठी तरुणांनी एवढे लक्षात ठेवावे की ती सूट त्या माणसांना आहे, त्यांच्या बंदुकीला नव्हे. कोडव मित्राची बंदूक आपल्या गाडीत राहिली तर ती आपल्यासाठी विनापरवाना शस्त्रच आहे.

आता जागेचे बंधन टिकले ते बरे, असे मी का म्हणालो ते सांगतो. हवालदाराच्या प्रकरणानंतर काही महिन्यांनी दुसरी एक फाइल आली. पिस्तूल, परवाना दूरच्या एका राज्यातल्या दूरच्या जिल्ह्यातला, त्यावर भारतभर वैधतेचा शिक्का. धारकाने त्या जिल्ह्यात एक रात्रही काढलेली नव्हती; पत्ता भाड्याच्या एका दुकानाचा, ते दुकानही बंद. विस्ताराच्या आदेशाचा क्रमांक तेथील नोंदवहीत कोठेच नव्हता. ती मंजुरी मी त्याच दिवशी दिली. पुढे २०१७ मध्ये राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने जम्मू-काश्मीरमधील परवान्यांचा घोटाळा उघडकीस आणला, २०१८ मध्ये तपास सीबीआयकडे गेला, आणि २०१२ ते २०१६ या काळात तेथून दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक परवाने अपात्र लोकांना दिले गेल्याचे सीबीआयने सांगितले. त्यांतले पुष्कळ सैनिकांच्या नावावर, बाहेरच्या राज्यांतील पत्त्यांवर. माझ्याच सेवेतील अधिकाऱ्यांवर अटकेची वेळ आली. क्षेत्राचे बंधन सैल केले, कोणत्याही जिल्ह्याचा परवाना कोठेही चालू लागला, तर देशातल्या सर्वांत ढिल्या कचेरीचा दर्जा हाच साऱ्या देशाचा दर्जा होतो. म्हणून ‘सगळ्यांनाच भारतभर वैधता द्या’ ही मागणी मला मान्य नाही. तिच्या मागे उभे राहणाऱ्या भल्या माणसांपेक्षा तिचा फायदा घेणारी माणसे वेगळी असतात.

भारतभर वैधता हातात असली तरी सुटका नाही, हेही सांगायला हवे. परवाना असतो, आणि तरीही त्या दिवशी, त्या शहरात शस्त्र बाळगण्यास मनाई असते. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली ठरावीक दिवसांसाठी शस्त्रबंदीचे आदेश निघतात. सणवार, मोर्चे, बंद असले की निघतातच. गुजरातेतही जुन्या मुंबई पोलीस अधिनियमाचाच वारसा आहे. इतरत्र पूर्वीचे कलम १४४, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, वापरले जाते. निवडणुकीत परवान्याची शस्त्रे जमा करण्याचे आदेश होतात. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा न करता छाननी समितीने माणूस पाहून ठरवावे, अशी पद्धत न्यायालयाच्या निर्णयानंतर आयोगाने घालून दिली आहे, पण ही छाननी त्या जिल्ह्याच्या परवानाधारकांची होते. बाहेरून येणाऱ्याला कोणी नोटीस देत नाही. अशांत क्षेत्रांत कलम २४-अ आणि २४-ब वेगळी आहेत. पंजाब सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली. अमृतसरला लग्नाला जाणाऱ्या दिल्लीकराला हे ठाऊक असेलच असे नाही. आणि लग्नात आनंदाने हवेत गोळी झाडणे हा तर २०१९ पासून कायद्यात नाव घेऊन लिहिलेला गुन्हा आहे, मग कोणाला इजा झालेली असो वा नसो. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र आवरणातच हवे, खांद्यावर मिरवता येत नाही.

विमानतळावरील प्रकरणे बहुतेक काडतुसांची असतात. गावी जाताना वापरलेली पिशवी, तिच्या कप्प्यात राहिलेले एक काडतूस, आणि नागपूर किंवा दिल्लीच्या तपासणीयंत्रावर दिसलेली त्याची आकृती. या बाबतीत न्यायालयांनी बऱ्याच अंशी दिलासा दिला आहे. गुन्हा होण्यासाठी वस्तू जवळ आहे याची जाणीव हवी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात आणि पुढे १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात मांडले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने बंदुकीशिवायच्या एकट्यादुकट्या काडतुसाचे कित्येक खटले रद्द केले. पण हा दिलासा विमान चुकल्यावर, गुन्हा नोंदल्यावर, उच्च न्यायालयात वकील उभा केल्यावर मिळतो. पिशवी रिकामी करून झटकायला दोन मिनिटे लागतात. बंदूक विमानाने न्यायचीच तर ती घोषित करून, रिकामी करून, सामानाच्या कोठारातून जाते. विमान कंपनीने ती स्वीकारली म्हणजे उतरण्याच्या राज्यात तुमचा परवाना वैध झाला, असा त्याचा अर्थ नाही. कंपनी आपल्या विमानाची सुरक्षितता पाहते, तुमचा रकाना नव्हे.

मग करायचे काय? सरकारने करण्यासारखे आहे ते फार मोठे नाही. परवान्यांची राष्ट्रीय आधारसामग्री आता तयार आहे, प्रत्येक परवान्याला एकमेव ओळख क्रमांक आहे, आणि तो नसेल तर परवानाच अवैध ठरतो. इतके केल्यावर सीमेवरच्या फौजदाराला रात्री दोन वाजता त्या क्रमांकावरून खरा परवाना आणि बनावट शिक्का यांतला फरक पाहता आला पाहिजे. तसेच, ठरावीक तारखांचा, ठरावीक मार्गाचा, एका शस्त्रापुरता प्रवास करायचा असेल तर त्याची अल्पमुदतीची परवानगी परवाना देणाऱ्या कार्यालयाने आठवडाभरात, त्याच प्रणालीवर नोंद करून द्यावी. अर्ज सहा-सहा महिने पडून राहतो म्हणून माणसे परवानगीच्या वाटेला जातच नाहीत. कलम ३९ च्या मंजुरीचा छापील मसुदा रद्द करावा. परवाना देणाऱ्या जिल्ह्याचा अहवाल जोडल्याशिवाय प्रस्ताव स्वीकारूच नये, एवढा एक आदेश कोणताही जिल्हादंडाधिकारी आज काढू शकतो, त्यासाठी दिल्लीला विचारावे लागत नाही. मी माझ्या नंतरच्या दोन्ही जिल्ह्यांत तो काढला. पोलिसांची कुरकुर झाली, पण वर्षभरात प्रस्तावांची संख्या घटली आणि आलेल्यांत दम होता.

परवानाधारकांना मात्र मी थोडे कडक सांगेन. बदली झाली, मुलाकडे राहायला गेलात, तर बंदूक बरोबर नेण्यापूर्वी रकाना पाहा. नेण्याचा अधिकार असेल आणि तेथे महिन्याहून अधिक राहायचे असेल, तर नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला तीस दिवसांच्या आत लेखी कळवा आणि पोच ठेवा. अधिकार नसेल तर बंदूक मागे कुलूपबंद कपाटात ठेवून बंगळूरला निघून जाणे हाही उपाय नव्हे. रिकाम्या घरातली बंदूक चोरीला गेली की पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जातो. घरी दोनाहून अधिक शस्त्रे असतील, तर २०१९ च्या दुरुस्तीने कमाल मर्यादा दोन केली आहे हेही विसरू नका, आजोबांचे शस्त्र असले तरी. रखवालदाराची नोकरी देणारा मालक ‘बंदूकवाला हवा’ म्हणाला तर त्याला लेखी विचारा, की ज्या राज्यांत पाठवणार तेथील वैधता तुम्ही मिळवून देणार का. बहुतेक मालक गप्प बसतील, आणि तेच उत्तर समजावे. बंदूक नेता येत नसेल तेव्हा ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि तारीख आहे का ते तिथेच उभे राहून तपासा, आणि तिची एक प्रत परवान्याबरोबर जपून ठेवा.